घराची बोली

घटस्फोटात घराची किंमत काढायची, तर आधी ते घर दोघांचे आहे असे कायद्याने मानायला हवे. भारतात बहुतेक ठिकाणी प्रश्न इथेच अडतो. बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाची वाट मोकळी केली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर नेली. पण त्या कायद्याचे २७ वे कलम बोलते ते लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंबद्दल. म्हणजे कपाट, पलंग, भांडीकुंडी. घर ज्याच्या नावावर, त्याचे. पोटगी ठरवताना ते नवऱ्याची ऐपत म्हणून मोजले जाईल, बायकोचा वाटा म्हणून नाही.

गोव्याची गोष्ट वेगळी. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे १८७० मध्ये लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोचे आधीचे आणि पुढे मिळणारे जवळजवळ सगळे एकत्र, आणि त्यात दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली आणि महिन्याभरात घटस्फोटाचा हुकूम निघाला. तो गोव्यातही आला. आता हे निम्मे प्रत्यक्ष मोजून वेगळे करण्याची वेळ येऊ शकत होती.

त्यासाठी कारवाई होती ती इन्व्हेंटरीची, मुळात मृताच्या वारसांसाठीची. मिळकतीची यादी होते, कर्जे मांडली जातात, किंमत ठरते. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, विहीर, परसातले माड यांचे तुकडे पाडता येत नाहीत. म्हणून हिस्सेदार आपसात बोली लावतात. ज्याची बोली चढी, त्याचे घर. दुसऱ्याला त्या रकमेतला त्याचा हिस्सा रोख.

मला ही पद्धत फार चतुर वाटते, आणि थोडी निर्दयही. बायकोला घर सोडायचे नाही हे नवऱ्याला पक्के ठाऊक असेल, तर तो बोली चढवत नेऊ शकतो, कारण वाढलेल्या प्रत्येक रुपयातले आठ आणे त्याचे. पण ती मध्येच थांबली, तर नको असलेले घर त्याच्याच गळ्यात. तिला किती ताणता येईल, हे मात्र हाती रोकड किती यावर ठरते; आणि त्याच संहितेने सामाईक मिळकतीचा कारभार सोपवला होता नवऱ्याकडे. घर विकायला बायकोची संमती हवी, एवढी आडकाठी होती. म्हणजे निम्म्याची मालकीण ती, तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला.

१९६१ मध्ये पोर्तुगीज गेले. संहितेचा हा भाग राहिला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातही पुढे ५अ हे कलम घालावे लागले: गोव्यातल्या अशा जोडप्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे धरायचे. करवाल्यांना संसार दोघांचा आहे हे पटायला वेळ लागला, पण पटले.

उरलेल्या देशात २०१३ मध्ये नवऱ्याच्या स्थावरात बायकोला वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने मंजूर केले. त्याचा कायदा झाला नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला, आणि ते घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी तो हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. राहण्याचा हक्क, मालकीचा नव्हे.

गोव्यात २०१६ पासून इन्व्हेंटरी राज्याच्या स्वतःच्या कायद्याखाली चालते. बोली त्यातही आहे.