उष्णता निरोधित कपाटे

उष्णता निरोधित कपाटे : ज्या पेटीच्या किंवा कपाटाच्या भिंतींत उष्णतेच्या वहनास अडथळा करणारा पदार्थ भरलेला असतो आणि ज्यात थंड वा उष्ण राखावयाची वस्तू, हवा अथवा यंत्रसामग्री ठेवलेली असते, त्यास उष्णता निरोधित कपाट म्हणतात. बर्फाची पेटी, घरोघरी फ्रिज या नावाने परिचित असलेला प्रशीतक, खिडकीत बसविण्याचा वातानुकूलक, मोठ्या इमारतींत हवा थंड करून वाहिन्यांत सोडणारी यंत्रे आणि विटांत उष्णता साठविणारे विद्युत् तापक या सर्वांचे बाह्यांग या प्रकारात मोडते. प्रशीतनाच्या इतिहासात संपीडक, संघनक आणि प्रशीतक द्रव्ये यांची माहिती विस्ताराने दिली जाते. कपाटाचा उल्लेख मात्र ओझरता येतो. वस्तुतः कपाट यंत्राहून जुने आहे आणि यंत्र किती मोठे असावे हे पुष्कळ अंशी कपाटच ठरविते.

निरोधनाचे मूलतत्त्व अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. काउंट रम्फर्ड (बेंजामिन टॉम्पसन) यांनी लोकर, कापूस, रेशीम, केसाळ कातडी, पिसे इत्यादींवर प्रयोग करून १७९२ मध्ये असे दाखविले की, उबदारपणा मुख्यत्वे त्या पदार्थाच्या तंतूंत नसून तंतूंमध्ये अडकून पडलेल्या हवेत असतो. स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. परंतु मोकळी सोडल्यास ती अभिसरणाने फिरू लागते व उष्णता वाहून नेते. म्हणून हवेला बारीक कप्प्यांत कोंडणे हे निरोधकाचे खरे काम होय. लाकडाच्या भुशापासून आजच्या प्लॅस्टिक फेनापर्यंत बहुतेक सर्व निरोधकांचे कार्य याच तत्त्वावर चालते. या तत्त्वाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. पाणी स्थिर हवेच्या सुमारे तेवीस पट उष्णता वाहते आणि बर्फ त्याहूनही अधिक. त्यामुळे निरोधक ओला झाला की तो निरोधक राहत नाही. पुढील दीडशे वर्षांत कपाट बनविणाऱ्यांची जी धडपड झाली ती उष्णतेपेक्षा ओलाव्याशीच अधिक होती, असे म्हणावयास हरकत नाही.

बर्फाची पेटी : अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातील शेतकरी टॉमस मूर यांनी १८०३ मध्ये लोणी बाजारात नेण्यासाठी तयार केलेल्या पेटीचे एकस्व घेतले आणि तिला ‘रेफ्रिजरेटर’ असे नाव दिले. या पेटीत देवदार जातीच्या लाकडाचे पीप, त्याच्या आत कथिलाच्या पत्र्याचे भांडे, दोहोंच्या मध्ये बर्फ आणि बाहेरून सशाच्या केसाळ कातड्याचे आवरण अशी रचना होती. मूर आपले लोणी सुमारे ३२ किमी. अंतरावरील जॉर्जटाउनच्या बाजारात नेत. इतरांचे लोणी उन्हाने पातळ होई, मूर यांचे मात्र घट्ट वड्यांच्या रूपात पोहोचे आणि गिऱ्हाईक त्यास चढा भाव देई. आज यंत्राला लावला जाणारा हा शब्द प्रथम केवळ एका निरोधित पेटीसाठी वापरला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच सुमारास बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर (१७८३–१८६४) यांनी गोठलेल्या तळ्यांतील बर्फ उष्ण प्रदेशांत विकण्याचा उद्योग आरंभिला. १८०६ मध्ये त्यांनी पहिली खेप मार्तीनिक बेटावर पाठविली तेव्हा लोकांनी त्यांची थट्टा केली. बर्फ टिकविण्यासाठी कोणता पदार्थ चांगला याचे प्रयोग त्यांनी अनेक वर्षे केले आणि अखेर लाकडाच्या भुशाची निवड केली. लाकडाच्या गिरण्यांत हा भुसा टाकाऊ म्हणून पडलेला असे. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले व चार महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडून कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. जहाजाचे तळघर हे एक प्रचंड निरोधित कपाटच होते. पुढील वर्षी मुंबईतही हा बर्फ आला व त्यासाठी वर्गणी जमवून फोर्ट भागात बर्फघर बांधण्यात आले. जमशेटजी जिजीभाई यांनी आपल्या घरच्या मेजवानीत आइसक्रीम वाढले आणि नंतर यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाले, अशी एक आख्यायिका या काळाविषयी सांगतात. मद्रासचे १८४२ मध्ये बांधलेले बर्फघर अद्याप उभे असून ते विवेकानंद इल्लम या नावाने ओळखले जाते. यंत्राने केलेला बर्फ स्वस्त झाल्यावर, १८८० च्या सुमारास, हिंदुस्थानातील हा व्यापार संपुष्टात आला.

उष्णता बाहेर न जाऊ देण्यासाठीही हीच पेटी उपयोगी पडते, हे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या नॉर्वेजियन स्वयंपाकपेटीने दाखविले. उकळी आलेले भांडे जाड निरोधक अस्तर लावलेल्या पेटीत बंद करून ठेवले की, अन्न विस्तवाविना शिजत राही. दोन महायुद्धांच्या काळात इंधनाची टंचाई झाल्यावर यूरोपात अशा गवत भरलेल्या पेट्या पुन्हा प्रचारात आल्या.

बूच व पोलादी कपाट : एकोणिसाव्या शतकातील घरगुती बर्फपेटी म्हणजे ओक वा तत्सम लाकडाचे दुहेरी भिंतींचे कपाट असे. आतून जस्ताचा किंवा कथिलाचा पत्रा आणि मधल्या पोकळीत भुसा, कोळशाची पूड अथवा समुद्रशेवाळ भरलेले असे. बर्फ वरच्या कप्प्यात ठेवीत, कारण थंड हवा जड असल्याने खाली उतरते. ही कपाटे दिसावयास सुबक असत, परंतु काही वर्षांतच त्यांना कुबट वास येऊ लागे. बाहेरील दमट हवा लाकडाच्या फटींतून आत शिरून थंड पत्र्यावर निवे, भुसा भिजे आणि कुजे. कपाट जुने होत गेले की बर्फ अधिक लागत असे तो यामुळेच. दोष मात्र बहुधा बर्फवाल्याच्या वजनकाट्याला दिला जाई.

बूच हा यावरील पहिला समाधानकारक उपाय ठरला. न्यूयॉर्कचे जॉन स्मिथ यांनी १८९० नंतरच्या पहिल्या वर्षांत असे दाखविले की, बुचाचा चुरा दाबून तापविला असता त्याच्यातील नैसर्गिक राळसदृश द्रव्यानेच तो एकसंध होतो, वेगळा डिंक लागत नाही. अशा बूचफळ्या डांबरात बुडवून भिंतींना चिकटवीत. बुचातील सूक्ष्म कोशिका बंद असल्याने त्यांत पाणी सहजी शिरत नाही. सुमारे पन्नास वर्षे शीतगृहे, दुग्धालये व उत्तम प्रतीचे प्रशीतक यांत बुचाचे प्राबल्य राहिले.

विजेवर चालणारे पहिले घरगुती प्रशीतक कपाटासह विकले जात नसत. यंत्र तळघरात बसवून त्याची थंड नळी गिऱ्हाइकाच्या जुन्या बर्फपेटीत सोडीत. या व्यवस्थेत बर्फपेटीचे सर्व दोष उघडे पडले. बर्फ वितळत असताना तापमान ०° से. च्या खाली जात नाही. यंत्राची नळी मात्र त्याहून पुष्कळ थंड असते. त्यामुळे भिंतींत ओलावा अधिक वेगाने ओढला जाऊ लागला आणि लाकूड वेडेवाकडे होऊ लागले. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बाजारात आणलेल्या ‘मॉनिटर टॉप’ प्रशीतकात यंत्र कपाटाच्या माथ्यावर गोल डब्यात बंद केलेले होते आणि पुढे त्यास संपूर्ण पोलादी कपाट देण्यात आले. पोलादी पत्रा हा उत्तम बाष्परोधक असतो. बाष्परोधक थर भिंतीच्या उष्ण बाजूस हवा, हा नियम बाहेरच्या पत्र्यामुळे आपोआप पाळला गेला.

पोलादी कपाटाबरोबर एक अनपेक्षित संकट आले. दाराला कुलूपवजा घट्ट खिटी आणि चोहोबाजूंनी रबराची पट्टी असल्याने कपाट हवाबंद झाले. आतून ते उघडत नसे आणि जाड भिंतींतून हाक बाहेर ऐकू येत नसे. टाकून दिलेल्या प्रशीतकांत खेळताना शिरलेली अनेक मुले गुदमरून मेली. अमेरिकेत १९५६ मध्ये यासाठी कायदा करण्यात आला आणि १९५८ च्या ऑक्टोबरअखेरीपासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती प्रशीतकाचे दार आतून उघडता आले पाहिजे असे बंधन आले. लवचिक पट्टीत चुंबकीय चूर्ण भरून दार केवळ चुंबकाच्या ओढीने बंद ठेवण्याची पद्धत यानंतर सर्वत्र रूढ झाली. ती अधिक स्वस्तही होती. सुरक्षिततेचा आग्रह कायद्याने धरला जाईपर्यंत उत्पादकांना तिची निकड का वाटली नाही, हा प्रश्न उरतो.

फेन निरोधक : १९३० नंतरच्या दशकात काचतंतूंची निर्मिती मोठ्या प्रमाणावर शक्य झाली आणि बुचाची जागा हळूहळू काचतंतू व खनिज लोकर यांनी घेतली. निर्णायक बदल मात्र पॉलियुरेथेनाने घडविला. या रसायनाचा शोध जर्मनीत ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये लावला. बाहेरचा पत्रा व आतील प्लॅस्टिकची पेटी यांमधील पोकळीत दोन द्रव एकत्र ओततात. त्यांची विक्रिया होऊन फेन फुगतो, कानाकोपरा भरतो व दोन्ही पृष्ठांना घट्ट चिकटून कडक होतो. त्यामुळे वेगळा सांगाडा लागत नाही, पातळ पत्रा पुरतो आणि आतले व बाहेरचे कवच यांस जोडणारे धातूचे दुवे टळतात. फेनाच्या कोशिकांत हवेऐवजी सीएफसी-११ हा वायू असे. त्याची उष्णता संवाहकता हवेच्या सुमारे एकतृतीयांश असल्याने काचतंतूंच्या निम्म्या जाडीत काम भागू लागले. भारतात गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये प्रशीतकांचे उत्पादन सुरू केले. त्यामुळे या उद्योगाचा आरंभच एका अर्थी मुंबईत झाला.

या वायूने वातावरणातील ओझोनाचा नाश होतो हे रोलंड व मोलिना यांनी १९७४ मध्ये दाखविले. यंत्राच्या नळ्यांपेक्षा कपाटाच्या भिंतींतच तो काही पट अधिक असे, ही गोष्ट सामान्य वाचकास सहसा ठाऊक नसते. १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर त्याचा वापर क्रमाने थांबला. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला आणि त्याने २०१० पूर्वी सीएफसींचे उत्पादन बंद केले. त्यांच्या जागी प्रथम एचसीएफसी व नंतर सायक्लोपेंटेन आले. सायक्लोपेंटेन ज्वलनशील असल्याने कारखान्यांतील फेन भरण्याचे विभाग नव्याने उभारावे लागले.

वातानुकूलन यंत्रांची कपाटे : विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिन येथील छापखान्यासाठी आर्द्रतेचे नियंत्रण करणारी योजना आखली, ती आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात मानतात. आरंभीची यंत्रे खोलीएवढी असत आणि त्यांची आवरणे जागेवरच बांधली जात. घराच्या खोलीसाठी कपाटबंद यंत्रे १९२९ च्या सुमारास निघाली. रेडिओच्या कपाटासारखी दिसणारी ही यंत्रे अतिशय जड व महाग होती. खिडकीतील वातानुकूलकात एकाच पोलादी खोक्यात थंड व उष्ण असे दोन विभाग शेजारी असतात. त्यांमधील पडद्याचे निरोधन, पुढे बहुधा थर्मोकोलचे, हा त्याच्या रचनेतील कळीचा भाग होय.

मोठ्या इमारतींतील एअर हँडलिंग युनिट या यंत्राच्या कपाटात उष्णता आत येण्याहून दवाचा प्रश्न अधिक बिकट असतो. मुंबईच्या हवेचे उदाहरण घेऊ. यंत्राच्या खोलीत तापमान ३२° से. व सापेक्ष आर्द्रता ७५% असल्यास दवबिंदू सुमारे २७° से. येतो. कपाटात हवा १३° से. आणि भिंतीत २५ मिमी. काचतंतू असतील, तर बाहेरच्या पत्र्याचे तापमान सुमारे २९° से. राहते व पत्रा कोरडा असतो. पावसाळ्यातील सकाळी तापमान २९° से. पण आर्द्रता ९०% असते. दवबिंदू अद्याप सुमारे २७° से. च असतो, पत्रा मात्र त्याच्या किंचित खाली उतरतो आणि कपाटाला घाम फुटतो. ऊन कमी झाले म्हणून अडचण कमी होत नाही, उलट वाढते. जाडी ५० मिमी. केल्यास पत्रा पुन्हा कोरडा राहतो. थंड व कोरड्या देशांसाठी आखलेली जाडी कोकणपट्टीत जशीच्या तशी वापरल्यास छतावर डाग व खाली पाणी हे ठरलेलेच असते.

हे गणित सपाट भिंतीपुरते झाले. पोलाद फेनाच्या सुमारे दोन हजार पट उष्णता वाहते. म्हणून आतून बाहेर आरपार गेलेला एखादा स्क्रू किंवा सांगाड्याचा कोन हा औष्णिक सेतू बनतो व पाणी तेथून ठिबकू लागते. यावर दोन पत्र्यांमध्ये फेन भरलेली तावदाने आणि मध्ये प्लॅस्टिकचा खंड असलेला सांगाडा हा उपाय निघाला. यूरोपीय मानक ईएन १८८६ (१९९८) यात कपाटांची वर्गवारी भिंतीच्या सरासरी उष्णता पारगम्यतेवरून वेगळी व औष्णिक सेतूंवरून वेगळी केलेली आहे, ती यासाठीच. दुहेरी पत्र्याचे आणखी एक कारण आहे. पूर्वी काचतंतूंचे अस्तर कपाटाच्या आत उघडे लावीत. त्याने पंख्याचा आवाज शोषला जाई. परंतु थंड नळ्यांजवळ ते भिजले की त्यात धूळ बसून बुरशी वाढे आणि तीच हवा इमारतीत फिरे. रुग्णालयांत हे धोक्याचे असते.

तापन यंत्रांच्या कपाटांत प्रश्न दवाचा नसून टिकाऊपणाचा असतो, कारण फेन व बूच उच्च तापमानास जळतात. म्हणून बाष्पित्रे, भट्ट्या व तापक यांस दीर्घकाळ ॲस्बेस्टसाचे अस्तर दिले जाई. ब्रिटनमध्ये १९६० नंतर रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवून दिवसा उष्णता देणारे तापक लोकप्रिय झाले. त्यांपैकी जुन्यांत ॲस्बेस्टस आढळते. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर ब्रिटनने निळे व तपकिरी ॲस्बेस्टस १९८५ मध्ये आणि पांढरे १९९९ मध्ये निषिद्ध केले. त्याऐवजी आलेल्या सूक्ष्मरंध्री सिलिका फळ्यांमुळे तापकाची जाडी पुष्कळ कमी झाली.

अलीकडे निर्वात फळ्यांचा वापर होऊ लागला आहे. सिलिकेची बारीक पूड अभेद्य पटलात बंद करून आतील हवा काढून घेतात. अशा फळीची संवाहकता उत्तम फेनाच्या निम्म्याहूनही कमी असते. मात्र तिला एक खिळा लागला तरी निर्वात जातो. जुन्या फेनाचा प्रश्नही संपलेला नाही. टाकलेले कपाट उघड्यावर फोडले की कोशिकांतील सीएफसी-११ हवेत जातो. तो बंद कक्षात गोळा करून नष्ट करावा लागतो. २०१८ मध्ये या वायूचे जागतिक उत्सर्जन बंदीनंतरही वाढल्याचे शास्त्रज्ञांना आढळले आणि पुढील वर्षी त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे निश्चित झाले. फेन निरोधकासाठी चोरून होणारे उत्पादन हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. त्यानंतर हे उत्सर्जन पुन्हा घटले.