त्वचेचा कर्करोग : प्रसाराचे पूर्वानुमान

त्वचेतील मारक अर्बुद लहान व मर्यादित असतानाच ते लसीका ग्रंथींत किंवा दूरच्या इंद्रियांत पसरेल काय, याविषयी बांधलेला अंदाज. शस्त्रक्रिया कितपत विस्तृत करावी हे त्यावर अवलंबून असल्यामुळे अंदाजातील चूक रुग्णाला दोन्ही बाजूंनी महाग पडते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील (स्थापना १९४१) विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासमवेत १९४५ मध्ये राहणीच्या सवयींशी निगडित अशा तीन कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक धोतर कमरेला घट्ट आवळल्याने, वर्षानुवर्षांच्या घर्षणातून उद्‌भवणारा त्वचेचा कर्करोग होय. यावरून रोग कोठे होईल हे समजले. तो किती पसरेल हे मात्र अर्बुदाच्या सूक्ष्मरचनेतच शोधावे लागते. अमेरिकेत ॲल्बर्ट ब्रॉडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या कर्करोगाची, कोशिकांच्या विभेदनानुसार, चार श्रेणींत विभागणी केली होती.

रंजक कोशिकांपासून होणाऱ्या मेलॅनोमाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. वॉलेस क्लार्क यांनी १९६९ मध्ये अर्बुद त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत उतरले यावरून पाच पातळ्या ठरविल्या. परंतु थरांची जाडी शरीरावर सर्वत्र सारखी नसते. भारतीयांत हा रोग वारंवार आढळतो तो तळपायाच्या जाड त्वचेत. पुढील वर्षी अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी थर मोजण्याऐवजी अर्बुदाची जाडीच मिलिमीटरांत मोजली. ०·७६ मिमी.पेक्षा पातळ अर्बुदे सहसा पसरत नाहीत, असे त्यांना दिसले. ही साधी मोजपट्टीच टिकून राहिली. सध्याच्या वर्गीकरणात ०·८ मिमी. जाडी व व्रण यांना महत्त्व आहे. डोनल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये निळ्या रंजकद्रव्याच्या साहाय्याने पहिली लसीका ग्रंथी ओळखून तपासण्याची पद्धत मांडली.

तथापि पातळ अर्बुदे संख्येने फार असल्याने त्यांतील थोडी पसरली, तरी मृत्यू पुष्कळ होतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १ मिमी.पर्यंतच्या अर्बुदांनी होणारे मृत्यू ४ मिमी.हून जाड अर्बुदांनी होणाऱ्या मृत्यूंपेक्षा अधिक असल्याचे २०१५ मध्ये दाखविण्यात आले. ही उणीव भरून काढण्यासाठी जनुकीय कसोट्या पुढे आल्या. त्यांच्या उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत. जाडी मोजण्यास मात्र मापनपट्टी असलेला सूक्ष्मदर्शक पुरतो. शेगावसारख्या गावी काढलेले ऊतक फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मोठ्या शहरी पाठविता येते. त्यासाठी डाग पूर्ण खोलीपर्यंत कापून काढलेला असावा लागतो. चामखीळ समजून जाळलेल्या डागाची जाडी नंतर मोजता येत नाही.