राजनांदगावची गाडी आणि आज्ञेचा प्रश्न

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी तुमसर सोडून वैनगंगा ओलांडते. तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्थानके मागे टाकीत ती दरेकसाच्या जंगलातून डोंगरगड आणि पुढे राजनांदगाव गाठते. आज यातील मधला सारा पट्टा गोंदिया जिल्ह्यात येतो. १८९३ च्या सुमारास हा भाग मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. सातपुड्याकडे जाणारी अरुंद मापाची लाईन तेव्हा झालेली नव्हती, त्यामुळे गोंदिया अजून जंक्शनही नव्हते.

याच मार्गाने, इंटर क्लासच्या डब्यात बसून, तिशी ओलांडलेला एक मराठी कवी नोकरीच्या शोधात राजनांदगावला चालला होता. त्याचे नाव नारायण वामन टिळक. डब्यात एक गोरा प्रवासी होता. दोघांचे बोलणे काव्यावरून सुरू झाले आणि धर्मावर आले. त्या प्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि सांगितले की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे भविष्य हास्यास्पद वाटले. मात्र दिलेला शब्द त्यांनी पाळला.

पुस्तक वाचताना ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले आणि त्यातून बाहेर पडू शकले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही कथा ख्रिस्ती वर्तुळात पुष्कळदा सांगितली जाते आणि बहुतेक वेळा इथेच संपते: माणूस देवाला शरण गेला, शांती मिळाली. टिळकांच्या बाबतीत शरणागतीनंतर शांती आली असे म्हणणे फार धाडसाचे ठरेल. त्यांची खरी भांडणे त्यानंतर सुरू झाली. देवाची सत्ता मान्य केली, म्हणजे मग कोणाची मान्य करायची नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे पुढील चोवीस वर्षे उभा राहिला. त्याची जी जी उत्तरे त्यांनी दिली, त्यांची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली.

आधी टिळक कोण होते ते पाहू. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मण. संस्कृतचा गाढा व्यासंग, कीर्तन-प्रवचनाची आवड, आणि कोणत्याही नोकरीत न टिकण्याची ख्याती. मनात आले की घर सोडून निघून जाणे हा त्यांचा लहानपणापासूनचा स्वभाव. नागपुरात त्यांनी अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काम केले. प्रचलित धर्म पटेनासा झाल्यावर एक नवाच धर्म स्थापन करावा, असाही त्यांचा विचार चालू होता. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्याला स्वतः संस्थापक व्हायचे होते, तो माणूस दुसऱ्या कोणाचा तरी शिष्य झाला.

शिष्य हाच योग्य शब्द. नमणे, शरण जाणे, चाकरी करणे यांसाठी मराठीत परका शब्द शोधण्याची गरज नव्हती. वारकरी परंपरेने दास, पाईक, चरण, माउली अशा शब्दांत शरणागतीची एक पूर्ण भाषा आधीच घडवून ठेवली होती. परकी सत्ता मानावी त्या रीतीने टिळकांनी ख्रिस्त मानला नाही. त्यांच्या अभंगांत तो गुरू आहे आणि माउलीही आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. मिशनऱ्यांच्या मराठीत देव प्रामुख्याने प्रभू होता, म्हणजे धनी. टिळकांच्या मराठीत तो आईही झाला. आईची आज्ञा आणि धन्याची आज्ञा यांत फरक असतो. आईशी भांडताही येते.

पण बाप्तिस्म्याबरोबर एक संस्थाही येते. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले. हे मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झालेले, भारतातील सर्वांत जुन्या अमेरिकन मिशनकार्यांपैकी एक. त्याची परंपरा काँग्रिगेशनल. तिच्या तत्त्वानुसार प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते. वर बिशप नाही, पोप नाही, मंडळीवर सत्ता फक्त ख्रिस्ताची. ऐकायला हे फार मोकळे वाटते. व्यवहारात मिशनचे पैसे बोस्टनहून येत, मोठे निर्णय अमेरिकन मिशनरी घेत आणि देशी पाळक, उपदेशक, शिक्षक मिशनचे पगारी नोकर असत. म्हणजे तत्त्वात मधला अधिकारी कोणी नव्हता आणि व्यवहारात पगाराच्या वहीपाशी तो बसलेला होता.

अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) टिळकांनी मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. १८४२ पासून चालत आलेल्या या पत्रात हिंदी ख्रिस्ती मंडळीचा कारभार हिंदी माणसांच्या हाती असावा ही भूमिका त्यांनी सातत्याने मांडली. देशभक्ती आणि ख्रिस्तभक्ती यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. मिशनरी मायबाप आणि देशी ख्रिस्ती लेकरे, हे नाते मात्र त्यांना मान्य नव्हते.

इथे थोडे मागे जाऊन पंडिता रमाबाईंची आठवण करावी लागते, कारण हाच प्रश्न त्यांनी टिळकांच्या आधी दहा वर्षे आणि अधिक तीक्ष्णपणे विचारला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा होती की रमाबाईंनी अँग्लिकन चर्चची शिकवण निमूटपणे स्वीकारावी. १८८५ च्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी कळवले की भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारून दिल्यावर, पाद्री जे सांगतील ते सारे देवाची आज्ञा मानण्याचे तसलेच दुसरे जोखड त्या आता मानेवर घेणार नाहीत. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला. ज्यांना तो मिळेल त्यांनी अवश्य वाचावा.

वरिष्ठांच्या दृष्टीने रमाबाई अहंकारी होत्या. रमाबाईंच्या दृष्टीने त्या फक्त देवाची आज्ञा पाळत होत्या. बायबलमध्ये दोन्ही बाजूंना आधार सापडतो, हीच खरी अडचण आहे. माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे, असे प्रेषित न्यायसभेपुढे सांगतात. आणि सर्व अधिकार देवानेच नेमलेले आहेत, म्हणून त्यांच्या अधीन राहा, असे पौल रोमकरांस पत्रात लिहितो. सत्तेवर बसलेल्यांना दुसरे वचन आवडते, हे सांगायला नको.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. संन्यास घेतला आणि साताऱ्यास एक नवा बंधुसंघ आरंभिला: ‘देवाचा दरबार’. नावातच भूमिका आहे. दरबार म्हटले की राजा एकच, बाकी सारे हुजरे आणि पाईक. मधला सुभेदार नको. या दरबारात ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही जागा होती, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो.

ही शेवटची अट वाचताना थांबायला हवे. बाप्तिस्मा हे चर्चचे प्रवेशद्वार. त्या दारातून आत जाण्यासाठी टिळकांनी जात, नातलग, सामाजिक स्थान आणि काही वर्षांचा संसार गमावला होता. ज्याने दाराची एवढी किंमत मोजली, तोच आता सांगत होता की आत येण्यासाठी हे दार अत्यावश्यक नाही. याला विसंगती म्हणणे सोपे आहे. बहुधा त्यांना एवढेच कळून चुकले होते की दार देवाचे असले तरी किल्ली माणसांच्या खिशात असते.

अर्थात नव्या दरबारालाही हा आक्षेप चुकत नाही. त्याचा केंद्रबिंदू टिळकच होते. सर्व मध्यस्थ दूर केल्यावर देवाची आज्ञा ऐकणारा जो एकटा उरतो, त्याने ती नीट ऐकली की नाही हे तपासणार कोण? मिशनरी मंडळ चुकत असेल, पण तिथे निदान चारजण बसून वाद घालत. टिळकांच्या चरित्रकारांनी हा प्रश्न भक्तिभावाने बाजूला सारला आहे. तो विचारला एका व्यक्तीने, आणि तीही घरातूनच.

लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, लग्न १८८० मध्ये, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास. शाळा नाही, लिहिणे-वाचणे नवऱ्याने शिकवले. नारायणरावांचा बाप्तिस्मा हा नारायणरावांच्या लेखी देवापुढील समर्पण होते. लक्ष्मीबाईंच्या लेखी ते पतीच्या हयातीत आलेले वैधव्य. लहान मुलाला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. चार वर्षांहून अधिक काळ पती-पत्नी वेगळे होते. आज्ञा एकाला आली आणि वनवास दुसरीला.

पुढे त्या पतीकडे परतल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. स्वयंपाक वेगळा, सोवळेओवळे वेगळे, देव वेगळे. पतीचा धर्म तो पत्नीचा धर्म, हा त्या काळचा सर्वमान्य नियम होता आणि मिशनच्या दृष्टीनेही तो सोयीचाच ठरला असता. लक्ष्मीबाईंनी तो मानला नाही. टिळकांनीही सक्ती केली नाही, हे त्यांच्या पारड्यात टाकले पाहिजे.

‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी आपला बदल कसा झाला ते सांगितले आहे. राहुरीला असताना त्या एकट्याच विचार करीत बसल्या. देवाने प्राणी निर्माण केले, माणसे निर्माण केली, पण माणसांतील ही जातींची उतरंड देवाने केली कशी म्हणावी? ती माणसांनीच केलेली. विचार पुरा झाला आणि शिवाशीव संपली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाहण्यासारखे हे आहे की त्यांना आधी देवाचा हुकूम ऐकू आला नाही. देवाच्या नावावर खपवला जाणारा एक हुकूम खोटा आहे, हे आधी उमगले. टिळकांना गाडीत एका अनोळखी माणसाने पुस्तक दिले, लक्ष्मीबाईंना कोणी काही दिले नाही. त्यांची वाट अधिक लांबची होती आणि पूर्णपणे त्यांची स्वतःची होती.

हे पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. त्यात टिळकांचे देवभोळेपण, हाती पैसा आला की तो वाटून मोकळे होणे, घरात काही नसताना पाहुणे आणणे हे सारे इतक्या मिस्कीलपणे येते की वाचक हसतो. हसून झाल्यावर लक्षात येते की त्या दिवशी चूल कशी पेटली ते बाईंनाच ठाऊक. संन्याशाच्या संसाराची जमाखर्चाची वही कुठेतरी, कोणीतरी ठेवतच असते.

देवाच्या दरबाराला टिळकांचे आयुष्य पुरले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले आणि दरबार विखुरला. कल्पना मात्र उरली. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला, आणि भारतातील ख्रिस्ती आश्रमांच्या इतिहासात टिळकांच्या प्रयोगाचे नाव आरंभीच्या प्रयत्नांत घेतले जाते. ज्या मिशनच्या चौकटीत ते मावले नाहीत, त्याच्या मंडळ्यांत रविवारी त्यांची भजने गायली जात राहिली.

त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतलेले येशूचरित्रपर महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले होते. सुरुवातीचे थोडे अध्याय लिहून झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.