वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान शिक्षण

रक्त, लघवी, थुंकी, शरीरद्रव इत्यादींच्या नमुन्यांची तपासणी करून डॉक्टरांना विश्वासार्ह निष्कर्ष देणारे तंत्रज्ञ घडवणारी शिक्षणशाखा. महाराष्ट्रात ती सर्रास ‘डीएमएलटी’ (डिप्लोमा इन मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी) म्हणून ओळखली जाते. डीएमएलटी ही मात्र पदविका आहे. बारावी विज्ञाननंतर पदवीचे अभ्यासक्रमही आहेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा त्यांपैकी एक : तीन वर्षे शिक्षण आणि पुढे एक वर्ष आंतरवासिता.

जीवरसायनशास्त्र, रक्तशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, ऊतितंत्र व रक्तपेढीचे काम हे मुख्य विषय. परंतु या शिक्षणाचा खरा कस नमुना घेतानाच लागतो. प्रयोगशाळेतील बऱ्याच चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच झालेल्या असतात. नळीच्या टोपीचा रंग आतले रसायन सांगतो. जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असते. त्यातले रक्त लाल टोपीच्या नळीत ओतले, तर ईडीटीएच्या पोटॅशियम क्षारामुळे पोटॅशियम खोटेच वाढलेले आणि कॅल्शियम खोटेच घटलेले दिसते. निळ्या टोपीच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असावे लागते. रक्त कमी भरले, तर गोठण्याचा वेळ लांबलेला दिसतो. साध्या नळीत तसेच ठेवलेल्या रक्तातील साखर पेशी वापरत राहतात आणि ती ताशी सुमारे ५ ते ७ टक्के घटते. म्हणून साखरेसाठी फ्लोराइडची करडी नळी. हे ज्याच्या अंगवळणी पडले, तो पोटॅशियम अतिशय जास्त आणि कॅल्शियम अतिशय कमी असा रिपोर्ट पाहताच थांबतो आणि नवा नमुना मागवतो. रुग्णाला चुकीच्या उपचारापासून वाचवणारा हा क्षण आहे.

आज पेशींची मोजणी यंत्रे करतात. तरीही न्यूबावर चेंबरमध्ये, म्हणजे मोजणीचे चौकोन आखलेल्या काचपट्टीवर, हाताने मोजणी शिकवली जाते, आणि ती शिकवलीच पाहिजे. यंत्राचा आकडा संशयास्पद वाटला, की स्लाइडच पाहावी लागते. लीशमन रंगद्रव्याने रंगवलेल्या लेपातून मलेरियाचा परजीवी ओळखायला नजर तयार व्हावी लागते. थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत असे म्हणण्यापूर्वी तैलभिंगाखाली किमान १०० क्षेत्रे पाहायची असतात. कंटाळून तीसवर थांबणाऱ्या विद्यार्थ्याला तिथेच टोकणारा शिक्षक लागतो.

गुणवत्ता नियंत्रणाचा पाया लेवी आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये मांडलेल्या आलेखावर आहे. ज्याचे मूल्य आधीच ठाऊक आहे असे ‘कंट्रोल’ रोज चालवून आलेखावर बिंदू मांडतात. सलग दहा बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर प्रत्येक बिंदू मर्यादेत असूनही पद्धत एका बाजूला सरकल्याचा तो इशारा असतो.

आंतरवासितेत प्रयोगशाळेच्या सर्व विभागांतून फिरणे अपेक्षित असते. अनेक ठिकाणी मात्र विद्यार्थ्याला महिनोन्‌महिने केवळ रक्त काढायला बसवतात. मनुष्यबळाची सोय होते, शिक्षण अर्धवट राहते.

दीर्घकाळ या व्यवसायासाठी देशव्यापी नियमन नव्हते आणि अभ्यासक्रमांचा दर्जा असमान राहिला. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ने समान शैक्षणिक निकष आणि नोंदणीची तरतूद केली. रिपोर्टवर सही करण्याचा प्रश्न वेगळा : पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच ती करावी, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कायम ठेवली. तपासणी तंत्रज्ञ करतो, वैद्यकीय अभिप्राय पॅथॉलॉजिस्ट देतो, ही कामाची वाटणी विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच स्पष्ट सांगितलेली बरी.