दुनळी रायफल कोणी घडवली?

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले, की सर, तत्त्वज्ञान सोडून बंदुकीच्या मागे कधीपासून लागलात? प्रश्न रास्त आहे. मी उभ्या आयुष्यात बंदूक चालवलेली नाही. जत्रेत एकदा फुगे फोडले होते, तेही तिनातला एकच फुटला. पण ही भानगड माझ्या दारात आली ती बंदूक म्हणून आली नाही, प्रमाण म्हणून आली. एखादी गोष्ट अमक्याने केली, हे आपल्याला कळतं कसं, असा तो प्रश्न होता. आणि तो प्रश्न माझ्या धंद्यातला आहे.

इथे कॅम्पातच एक घर आहे. नाव सांगत नाही, तुमच्यातल्या काहींनी ओळखलं असेल तर मनातच ठेवा. त्या घरात चार पिढ्यांपासून एक दुनळी रायफल आहे. बंदूक नव्हे, रायफल. फरक साधा आहे: छऱ्यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीच्या नळीला आतून आटे पाडलेले असतात, त्यामुळे गोळी गरगरत सरळ जाते. शेजारी शेजारी दोन नळ्या, बाहेर दोन घोडे, मागच्या बाजूला उघडझाप करणाऱ्या छोट्या पत्र्या, शंभर यार्ड, दोनशे यार्ड अशा. वाघ-अस्वलाच्या शिकारीचं हत्यार. वाघ अंगावर आला तर दुसरी गोळी तयार हवी, म्हणून दोन नळ्या.

२०१९च्या डिसेंबरात हत्यारांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आधी एका माणसाला परवान्यावर तीन हत्यारं ठेवता येत होती, ती दोनवर आली. वारसाहक्काने आलेलं हत्यारही त्या दोनातच धरायचं. या घरात परवान्यावर तीन होती. एक बारा बोअरची बंदूक, एक नंतर घेतलेली लहान रायफल आणि ही दुनळी. म्हणजे एक जमा करणं भाग. आणि दोन भावांत जुंपली.

थोरल्याचं म्हणणं, दुनळी राहणारच. ती लंडनच्या मॅन्टनने घडवलेली आहे. सत्तावन्नच्या धामधुमीत पणजोबांनी एका साहेबाचा जीव वाचवला, तेव्हा साहेबाने ती आपल्या हाताने दिली. धाकटा म्हणाला, दादा, पुरावा काय? थोरला म्हणाला, नाव कोरलंय की तिच्यावर! मग दोघे माझ्याकडे आले. मी म्हटलं, मला हत्यारातलं काही कळत नाही. धाकटा म्हणाला, म्हणूनच आलोय सर, कळणारे दोघं आधीच दोन बाजूंनी बोलून गेलेत.

आता मॅन्टन हे नाव लहान नाही. जोसेफ मॅन्टन हा लंडनचा बंदूक घडवणारा, जन्म १७६६चा, मृत्यू १८३५चा. इंग्रजी शिकारी बंदुकीला आज जो घाट आहे, तो बराचसा त्याच्या कारखान्यात ठरला. पुढे जगप्रसिद्ध झालेला जेम्स पर्डी त्याच्याच हाताखाली शिकला. एवढं करून १८२६ साली मॅन्टनचं दिवाळं निघालं, तो भाग वेगळा. आता हिशेब करा. मॅन्टन गेला १८३५ साली. सत्तावन्नला साहेबाने जुनी रायफल दिली असंही म्हणता येईल. तेवढ्यावरून गोष्ट खोटी पडत नाही.

मी भिंग घेऊन दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवरची अक्षरं वाचली. सोन्याचा मुलामा बहुतेक उडालेला. ‘मॅन्टन’ स्पष्ट होतं. त्यापुढे ‘अँड कंपनी’ होतं. आणि त्यापुढे, पुसट, ‘कलकत्ता’.

चार पिढ्यांनी पहिला शब्द वाचला आणि उरलेले मनाने भरले. मी त्यांना हसलो नाही, आपण सगळे तसंच वाचतो. मॅन्टन आणि कंपनी ही कलकत्त्याची पेढी होती. तिथे रॉडा होती, लायन अँड लायन होती. मुंबईत १८९१पासून आर्मी अँड नेव्हीचं दुकान होतं. या पेढ्या विलायतेहून माल मागवायच्या आणि आपलं नाव घालून विकायच्या. यात फसवणूक नव्हती, तशी रीतच होती. तुमच्या चहाच्या पुड्यावर मळ्याचं नाव असतं का? दुकानाचं असतं.

न्यायदर्शनात चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कोरलेलं नाव हे शब्दप्रमाण. पण शब्द प्रमाण ठरायला बोलणारा आप्त हवा. ज्याला खरं ठाऊक आहे आणि जो खरं तेच सांगतो, तो आप्त. दुकानदाराला खरं ठाऊक असतं. तो ते पाटीवर लिहील असं मात्र नाही. तेव्हा शब्द बाजूला ठेवून लिंग शोधायचं, म्हणजे खूण. डोंगरावरचा धूर.

बंदुकीतला धूर बाहेरून दिसत नाही. नळ्या लाकडापासून सोडवून उलट्या कराव्या लागतात. हे काम परवानाधारक कारागिराने माझ्यादेखत केलं, मी फक्त कागदावर खुणा उतरवून घेतल्या. (कुणी घरी प्रयोग करू नका, बरं का.) नळ्यांच्या पोटाशी, जिथे त्या बिजागरीवर बसतात तिथे, शिक्के होते. मुकुट, आणि त्याखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड. ही बर्मिंगहॅमच्या चाचणीघराची खूण.

हे चाचणीघर काय असतं ते सांगतो, कारण सगळी किल्ली तिथे आहे. इंग्लंडात नळी विकण्याआधी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवून बघायची, असा कायदा. फुटली तर भंगार, टिकली तर शिक्का. लंडनला हे काम बंदूककारांचा संघ करायचा, त्याची सनद १६३७ची. बर्मिंगहॅमला पार्लमेंटच्या कायद्याने १८१३ साली वेगळं चाचणीघर निघालं. दुकानदाराचं नाव ही हौस, पण शिक्का ही कायद्याची गरज. जी खूण विकण्यासाठी केलेली नसते, तिच्यावर जास्त भरवसा ठेवावा. हा नियम मी बंदुकीवरून शिकलो, पण तो ताम्रपटांना आणि वंशावळींनाही लागू पडतो.

तरी घाई नको. शिक्का बर्मिंगहॅमचा म्हणजे घडण बर्मिंगहॅमची, असं लगेच म्हणता येत नाही. एका गावचा माल दुसऱ्या गावच्या चाचणीघरात जायचा. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील: धूर आहे, पण हा धूर आगीशिवायही कधीकधी दिसतो. म्हणून दुसऱ्या खुणा जोडायच्या.

आता काळ. ही रायफल उघडायला चापाच्या कड्याला धरून खालून एक वळणदार दांडी आहे. ती बाजूला फिरवली की नळ्या तोंडाशी झुकतात. ही युक्ती हेन्री जोन्स नावाच्या माणसाने १८५९ साली पेटंट केली. सत्तावन्न तिथेच गेलं! थोरला गप्प झाला. पुढे कारागिराने बाजूची पट्टी काढली, आत घोड्याची यंत्रणा. घोडा पडून गोळी सुटली की तो आपोआप थोडा मागे येऊन उभा राहतो. आतल्या बाजूला ‘स्टँटन पेटंट’ अशी अक्षरं. जॉन स्टँटन हा वुल्व्हरहॅम्प्टनचा, पेटंट १८६७चं. म्हणजे त्याआधीची ही नव्हे. दुसरं टोक बघा. आडव्या राजदंडांचा तो शिक्का बर्मिंगहॅमने १९०४ साली बदलला. म्हणजे त्यानंतरचीही नव्हे. नवी धूरविरहित दारू आल्यावर १८९६पासून तिच्या चाचणीचा वेगळा शिक्का सुरू झाला, तो हिच्यावर नाही. पण एवढ्यावरून ती १८९६च्या आधीची असं म्हणू नका. काळ्या दारूच्या रायफली त्यानंतरही बनत होत्या. नसणं हाही पुरावा असतो, मीमांसकांनी अनुपलब्धी म्हणून त्याला वेगळं प्रमाणच मानलं. पण जिथे वस्तू असती तर दिसलीच असती, तिथेच तो चालतो.

तुमच्यापैकी कुणाकडे असं हत्यार असेल तर बोअरचा आकडाही बघा. हिचा पाचशे आहे, त्यावरून फार कळत नाही. पण १९०७च्या सुमारास सरकारने साडेचारशेचा बोअर हिंदुस्थानात बंद केला, कारण ती काडतुसं फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीला उपयोगी पडतील ही धास्ती. मग विलायती कारखानदारांनी चारशे पासष्ट, चारशे सत्तर असे नवे बोअर काढले. म्हणजे बंडाच्या भीतीने वाघाच्या गोळीचा आकार बदलला. अशा आकड्यावरूनही काळ ठरतो.

आता मूळ प्रश्न. घडवली कोणी? बर्मिंगहॅमला सेंट मेरी चर्चच्या आसपास बंदूकवाल्यांची वस्ती होती. आपल्याकडे तांबट आळी असते तशी. तिथे एकजण नळीला भोक पाडायचा, दुसरा तिला कानस मारायचा, तिसरा लाकूड बसवायचा, चौथा नक्षी कोरायचा. घोड्याची यंत्रणा बरेचदा शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनहून यायची. पोरं हे भाग टोपलीत घालून या घरून त्या घरी पोहोचवायची. आपल्या रायफलीच्या नळीखाली दोन अक्षरं आहेत, लाकडाच्या आत तिसरंच एक अक्षर. ती कामगारांची, मजुरीचा हिशेब लागावा म्हणून.

मिलिंद राजाला नागसेनाने विचारलेला प्रश्न इथे आठवतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? मी वर्गात तीसेक वर्षं हा संवाद शिकवला आणि मुलं जांभया देत. बर्मिंगहॅमच्या टोपलीतले भाग तेव्हा ठाऊक असते तर बरं झालं असतं. न्यायाच्या भाषेत घडवणारा हा निमित्तकारण, घटाला कुंभार असतो तसा. पण इथे कुंभारच दहा आहेत, आणि पाटी अकराव्याची.

हा नुसता शब्दच्छल वाटेल. म्हणून इथून दहा-बारा किलोमीटरवरची गोष्ट सांगतो. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर, ‘शारदा’चा प्रयोग. अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. ब्राउनिंग हा अमेरिकन, त्याने रचना केली. पिस्तूल घडलं बेल्जियममध्ये, लिएजच्या शेजारी हर्स्टालला. तशी वीस पिस्तुलं चतुर्भुज अमीन नावाच्या माणसाबरोबर लंडनहून इकडे आली, पाठवली सावरकरांनी. रचणारा, घडवणारा, पाठवणारा, चालवणारा, सगळे वेगळे. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याला फासावर गेले. पाठवणाऱ्याला जन्मठेपेची दुसरी शिक्षा लागली ती याच प्रकरणात. तिथे खटल्याचा आधार नुसतं लोखंड नव्हतं. चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला, त्याने ती पेटी आणल्याचं सांगितलं. शब्द आणि लिंग एकत्र आले. पुढे १९१४च्या ऑगस्टात कलकत्त्याला रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं क्रांतिकारकांनी पळवली, तेव्हा तर प्रत्येक पिस्तुलाचा नंबर दुकानाच्या वहीत होता. पुढची कित्येक वर्षं बंगालात एखादं पिस्तूल सापडलं, की पोलीस ती वही काढत.

तर वहीचं महत्त्व एवढं. लंडनच्या काही मोठ्या कारखानदारांकडे अशा वह्या आजही आहेत, नंबर कळवला की कुणासाठी, कधी, किती लांबीच्या नळ्यांची बनवली ते सांगतात. दुकानाच्या नावाने विकलेल्या मालाला ते भाग्य नाही.

परत आपल्या घरी येऊ. मी भावांना लिहून दिलं: बर्मिंगहॅमची घडण असण्याचा संभव फार मोठा, काळ १८६७ ते १९०४, विक्री कलकत्त्याच्या पेढीची, एका घडवणाऱ्याचं नाव देता येत नाही. साहेबाने दिली का? दस्त्यावर मालकाची अक्षरं कोरण्यासाठी चांदीची एक टिकली असते, ती कोरी आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या पलटणी जहाजाची वाट बघत थांबत. जाणारा साहेब सामान देऊन जाई, विकूनही जाई. दोन्ही शक्य आहे. सत्तावन्न मात्र नाही.

धाकटा म्हणाला, मग हीच जमा करू. कायद्यात जुन्या, निकामी हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. हिच्या नळ्या ठणठणीत आहेत, त्यामुळे तीही वाट बंद.

एवढा वेळ त्यांची आई कोपऱ्यात बसून होती. नव्वदीच्या पुढची बाई. ती म्हणाली, “अहो मास्तर, तुम्ही सगळं वाचलंत, आणि हे नाही वाचलं?” तिने दस्त्याच्या मानेवर बोट ठेवलं. तिथे पितळेची पट्टी आहे, आणि पट्टीच्या मागचं लाकूड वेगळं आहे. पुढचं अक्रोडाचं, मागचं शिसवीचं. मी ते दुरुस्ती म्हणून वहीत एका ओळीत टिपलं होतं. ती म्हणाली, “मी लग्न होऊन आले त्या वर्षी ही जिन्यावरून पडून मोडली. मामंजींनी गावातल्या सुताराकडून दस्ता करून घेतला, पट्टी नाशकाच्या तांबटाची. तीन दिवस सुतार ओसरीवर बसून होता, त्याला भाकरी मीच वाढायची.”

मी विचारलं, “त्यांचं नाव आठवतं का हो?”

“सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे,” ती म्हणाली.

मी वहीत तेवढंच लिहून घेतलं. भावांनी त्या महिन्यात लहान रायफल जमा केली.