जेधे चौक आणि १९३७ची निवडणूक

स्वारगेटच्या जेधे चौकातून रोज हजारो माणसं जातात. पण केशवराव जेधे कोण, असं विचारलं तर बरेच जण उड्डाणपुलाकडे बोट दाखवतात. म्हणून आज थोडा इतिहास लिहितोय.

१९३५च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७च्या सुरुवातीला मुंबई प्रांताच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. प्रांत म्हणजे मराठी, गुजराती, कानडी अशी मोट. मत सगळ्यांना नव्हतंच. जमीन, कर, शिक्षण यांवर ठरायचं. १७५ जागांचे कप्पे पाडलेले. मुसलमान, ख्रिश्चन, युरोपियन यांचे मतदारसंघच वेगळे. मराठ्यांना ७ जागा राखीव. आणि आपल्या येरवड्यात झालेल्या १९३२च्या करारानुसार दलितांना १५.

जो तो आपल्या कप्प्यात राहील, असा सरकारी हिशोब. जेध्यांनी तो पुण्यात आधीच बिघडवला होता. शुक्रवार पेठेतलं जेधे मॅन्शन म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीचं घर. तिथला हा माणूस काकासाहेब गाडगीळांच्या जोडीने काँग्रेसमध्ये उभा राहिला आणि बहुजन समाज मागोमाग आला. काँग्रेसने ८६ जागा जिंकल्या. बहुमताला फक्त दोन कमी!

जुलैत पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये पहिलं अधिवेशन भरलं. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मुन्शी, मोरारजी गुजराती, लठ्ठे जैन, डॉ. गिल्डर पारशी, नुरी मुसलमान. दलित मंत्री मात्र एकही नाही. राखीव जागांपैकी बहुतेक बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने जिंकलेल्या, म्हणजे ते विरोधी बाकांवर. सप्टेंबरात पुण्यातच त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातल्या कुळांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होता तो. विधेयक मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने. मधली बारा वर्षं कुळांनी भोगली.

माझं म्हणणं एवढंच. राखीव जागेमुळे सभागृहाचं दार उघडतं, आणि ते उघडायलाच हवं. पण निर्णय आतल्या खोलीत होतो, तिथे कुठलीही जागा राखीव नसते. महापालिकेच्या प्रभागांची आरक्षण सोडत निघाली की आपण आठवडाभर भांडतो. जरूर भांडा. पण नंतर स्थायी समितीत कोण बसलं आणि पैसा कुठल्या वस्तीत गेला, हेही तितक्याच जोरात विचारा.