डॉ. ग्रॅहॅम, त्यांची सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या उपचारांचा इतिहास सांगायचा तर मी ५ एप्रिल १९३३ पासून सुरुवात करीन. त्या दिवशी अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलात डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी जेम्स गिल्मोर यांची छाती उघडली. गिल्मोर स्वतः डॉक्टर, वय ४८. फुप्फुसाचा एक भाग काढायचा बेत होता, पण गाठ पुढे सरकलेली. ग्रॅहॅम यांनी डावं फुप्फुस अख्खं काढलं. कॅन्सरसाठी एकाच शस्त्रक्रियेत पूर्ण फुप्फुस काढूनही जगलेला हा पहिला रुग्ण. गिल्मोर त्यानंतर जवळपास तीस वर्षं जगले.

त्यांची गाठ आज ज्याला ‘नॉन-स्मॉल सेल’ म्हणतात त्या गटातली होती. फुप्फुसाच्या कॅन्सरचे साधारण ८५ टक्के रुग्ण याच गटातले. ‘स्मॉल सेल’च्या मानाने हा कॅन्सर सावकाश पसरतो, म्हणून वेळेत सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.

ग्रॅहॅम स्वतः सिगारेटचे शौकीन. सिगारेटची विक्री आणि कॅन्सर बरोबरीने वाढलेत असं कुणी म्हटलं, तर ते नायलॉनच्या मोज्यांकडे बोट दाखवत, त्यांचाही खप वाढलाय की! तरी अर्न्स्ट वाइंडर या विद्यार्थ्याला त्यांनी तपास करू दिला. (शस्त्रक्रियेपेक्षा मला याचंच जास्त कौतुक वाटतं.) १९५० मध्ये दोघांनी ६८४ रुग्णांचा अभ्यास छापला आणि बोट सिगारेटवरच आलं. ग्रॅहॅम यांनी सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. गिल्मोर तेव्हा हयात होते.

आपल्याकडे गोष्ट अडते ती टीबीपाशी. माझ्या मामूंच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी पाच महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. एक्स-रेवर दोन्हींचा डाग सारखा दिसू शकतो, आणि मामूंनी आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. मग शंका कोण घेणार? त्यात ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ असं सांगणारे नातेवाईक. शेवटी सीटी स्कॅन आणि बायोप्सी झाली, तोवर शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती.

एक दार मात्र उघडं होतं. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या गाठीत अनेकदा ईजीएफआर या जनुकात बिघाड असतो, आणि त्यावर नेमक्या गोळ्या लागू पडतात, हे २००४ मध्ये कळलं. बायोप्सीच्याच तुकड्यावरून मामूंचा तो बिघाड सापडला. रोज एक गोळी. दोन महिन्यांत ते पायी मशिदीत जाऊ लागले.